उतरत्या पाण्यावरचा धंदा

माशाच्या पाटीसमोर गिऱ्हाईक उकिडवं बसलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "नदीचा आहे का?" पूर्वी मी या प्रश्नाला चिडायचे. सायखेड्याच्या बाजारात नदीचा नाही तर काय आभाळातून पडलेला मासा विकणार मी? आता कुणी विचारलं की पाटीवरचं ओलं फडकं सारखं करते आणि म्हणते, "ताजा आहे, कल्ला बघा ना." प्रश्न एक, उत्तर दुसरंच. ही कला मला म्हातारपणी यावी याचं वाईट वाटतं.

मी भोयाची सून. लग्न होऊन नदीच्या थडीवर आले तेव्हापासून डोक्यावर पाटी, ती आता गुडघे बोलायला लागले म्हणून रिक्षात. शाळा लहानपणीच सुटली होती. वाचायला मी बाजारात शिकले. मासे गुंडाळायला रद्दी आणायची आणि गिऱ्हाईक नसलं की अक्षर लावत बसायचं. त्यामुळे माझं सगळं ज्ञान अर्धवट. बातमी वाचायला घ्यावी तर तिचा शेवट कुणाच्या तरी घरी वाम मासा घेऊन गेलेला असायचा. लिहिण्याचंही तसंच होणार, मधेच कुठं फाटलं तर सांभाळून घ्या.

आमच्या धंद्यात राजा मासा म्हणजे मरळ. मरळ दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाचा मासा. बाळंतीण, ऑपरेशनवाला, कावीळ झालेला, सगळ्यांना कुणीतरी सांगतं, मरळीचा रस्सा द्या, अंग भरून येईल. वरचा वारा घेऊन जगणारी जात ती, ओल्या फडक्यात तासन् तास जिवंत राहते, म्हणून लोक जिवंतच मागतात. एक किराणा दुकानदार होते. घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नसे. बायकोचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बिचारे आले. पाटीकडं पाठ करून उभे राहायचे आणि हात मागं करून पिशवी धरायचे. मी पिशवीत मासा सोडला आणि त्यानं शेपूट आपटली की शेट जागच्या जागी उडी मारायचे. बायको बरी झाली. शेट येतच राहिले. म्हटलं, "शेट, अजून काय दुखतंय वहिनींचं?" तर इकडंतिकडं बघून म्हणाले, "तिचं काही नाही. मलाच सवय लागली."

ती मरळ आता माझ्या पाटीत नसते. का नसते ते सांगायचं तर आधी पाणी सांगावं लागेल.

आमची वस्ती गोदावरीच्या थडीवर, खालच्या बंधाऱ्याचं पाणी जिथं फुगून मागं पसरतं तिथं. लोकांना वाटतं, पाणी जास्त तर मासा जास्त. माझ्या सुनेलाही तसंच वाटतं. तसं नसतं हो. पाणी माहेरवाशिणीसारखं असावं. वेळेवर यावं, घर भरून राहावं आणि निघायच्या वेळी निघावं. माहेरवाशीण येईना तर जीव रमत नाही, आणि आलेली परत जाईना तर त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं.

पावसाळ्यात नदी चढली की पाणी काठच्या गवतात शिरायचं. मासा राहतो खोलात, पण त्याची बाळंतपणं उथळ गवतात. गुडघाभर पाणी, तळापर्यंत ऊन, मोठा मासा खायला यायची सोय नाही. मरळीची पिल्लं तर लालभडक. सगळी मिळून चेंडूसारखा गोळा करून फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. असा लाल गोळा दिसला की आमच्या वस्तीत तिथं जाळं टाकत नाहीत. आमचे हे म्हणायचे, "बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं कशाला जावं?"

मग दसऱ्यानंतर पाणी उतरायला लागायचं. हळू उतरायचं, आणि सगळी गंमत त्या हळूपणात. उतरताना ते मागं डबकी ठेवायचं, त्यातली बारीक मासळी आम्ही बायका टोपलीनं उपसायचो. डबक्यांच्या कडेनं चिखल उघडा पडायचा, त्यावर पाखरं यायची. चिखल सुकला की गवत फुटायचं, गवतावर म्हशी आणि शेळ्या. त्यांचं शेण तिथंच पडायचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळून ऊन खायची आणि पुढच्या पावसात त्या शेणागवतावर पाणी चढलं की माशाच्या पिल्लांचं ताट वाढून तयार. म्हणजे बघा, माझ्या पाटीतली मरळ म्हशीच्या शेणावर पोसलेली. हे मी शेटना कधी सांगितलं नाही.

नाशिकहून एक दुर्बीणवाले काका यायचे. मासे घ्यायचे नाहीत, पण बाजारात माझ्याशी बोलल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. थंडी पडली की त्यांचा फोन, "मावशी, चिखल उघडला का?" एकदा म्हटलं, "काका, बंधारा भरलेला असतो तेव्हा या ना, केवढं छान दिसतं." ते म्हणाले, "भरल्या पाण्यात माझी पाखरं उभी कुठं राहणार? त्यांचे पाय बघितलेत का केवढुसे असतात?"

"म्हणजे तुमचा नि माझा धंदा एकच की. चिखलाचा."

"आणि बायको म्हणते मी रिकामा फिरतो," काका म्हणाले.

या उघड्या पडलेल्या चिखलावर आम्ही पेरायचो. त्याला गाळपेर म्हणतात. नांगर नको, खत नको, पाणी द्यायला नको. नदीनं आणून टाकलेला काळा गाळ, त्याच्यातच एवढी ओल की हरभरा नुसता टोचला तरी येतो. जमीन सरकारची, पण वस्ती दरवर्षी आपसात पट्टे वाटून घ्यायची आणि ज्यानं पेरलं त्याचं पीक. आमच्या घरात गाळपेर करायची ती पारू.

पारू माझी धाकटी जाऊ. दीर तापानं गेला तेव्हा तिचा मुलगा अंगावर पीत होता. सगळे म्हणाले, माहेरी जाईल. ती गेली नाही. जाळ्यात तिला गती नव्हती, बाजारात तोंड उघडायची लाज. पण गाळात ती उभी राहिली की बाई वेगळीच दिसायची. हरभरा, वाटाणा, कडेनं कोथिंबीर. हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून माझ्या पाटीशेजारी फडकं अंथरून ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की मला कोपरानं ढोसायची, "अक्का, तुम्ही बोला." मुलगा त्या गाळावर मोठा झाला, अंबडला कंपनीत लागला. आईला सारखा बोलवायचा. पारू म्हणायची, "त्याच्या खोलीत दोन माणसं उभी राहिली का तिसऱ्यानं जिन्यात बसायचं. मी हितंच बरी." तिचं सगळं त्या गाळावर होतं. तो पिकतोय तोवर ती कुणाच्या दारात जाणार नव्हती, मुलाच्यासुद्धा.

गाळ पेरायचा कधी, हा मोठा प्रश्न असतो. लवकर पेरलं आणि पाणी परत चढलं तर बी गेलं. उशीर केला तर ओल गेली. वस्तीत हे सांगायचा मान आमच्या ह्यांचा. नदीत एक खडक आहे, म्हैसधोंडा म्हणतात, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. पाणी उतरलं की पाठ उघडी पडते. पण नुसत्या पाठीवर विश्वास ठेवायचा नाही. पाठ उघडी पडली की पाणकावळे येऊन बसतात, धोंड्यावर शिटतात. ती शीट वाळून पांढरीफटक झाली आणि अंगठ्यानं चोळली तर पीठ होऊन हाताला लागली, की समजायचं, पाणी आता परत येत नाही. सासऱ्यांनी ह्यांना शिकवलं, सासऱ्यांना त्यांच्या बापानं. हे होडी घेऊन जायचे, अंगठा चोळायचे आणि परत येऊन तोच पांढरा अंगठा वस्तीला दाखवायचे. बोलायचेही नाहीत. एवढी ऐट!

ज्या साली हे बिघडलं, त्या साली पाणी जरा घाईनं उतरलं. दिवाळीचे दिवे काढतोय तोवर म्हैसधोंडा कंबरेपर्यंत बाहेर. ह्यांना ते पटत नव्हतं. दोनदा जाऊन आले. वस्तीतले लोक म्हणायला लागले, "आबा, आता काय मुहूर्त काढता का?" तिसऱ्यांदा गेले आणि अंगठा पांढरा करून आले. मला म्हणाले, "पारूला सांग, पेर म्हणावं." पारू आधीच बी घेऊन ओट्यावर बसलेली.

हरभरा असा आला की काय सांगू. बोटभर झाला, पसरला, गाळ दिसेनासा झाला. पारू शेंडे खुडायला लागली. खुडल्यानं तो आणखी फुटतो.

एका दुपारी मी बाजारातून येऊन पाटी पालथी घालत होते. खालून पारूची हाक आली. "अक्का, कुणाची मोटर फुटली का बघा बरं! पाणी येतंय!"

मी काठावर गेले. पुराला आवाज असतो, माणूस सावध होतो. या पाण्याला आवाजच नव्हता. गवताची काडी हलत होती, बस. आधी म्हशींच्या खुरांचे खड्डे भरले. मग खड्डे एकमेकांना मिळाले. मी म्हटलं, "पारू, ही मोटर नाही गं. नदी आहे."

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी गाळ ओढून बांध घालायला लागली. लहान पोरं खेळात घालतात तसा. बांध झाला की पाणी त्याच्या शेजारून यायचं. शेवटी तिनं ते सोडलं, ओचा खोचला आणि शेंडे खुडायला लागली. "निदान भाजी तरी." मीही उतरले. आम्ही दोघी खुडत होतो आणि पाणी घोट्याचं पोटरीला आलं. आमचे हे काठावर येऊन उभे.

"पारू, वर ये."

"दादा, उद्या उतरंल ना?"

ह्यांनी कपाळावर हात आडवा धरून नदीकडं पाहिलं.

"उतरंल ना, दादा? एक दिवस राहिलं तर हरभरा धरतो तग. एकच दिवस हां."

माझ्या नवऱ्याला जगातलं दुसरं काही कळो न कळो, पाण्याचा प्रश्न विचारला आणि उत्तर नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते धोंड्याकडं बघत होते. धोंडा दिसत नव्हता. म्हणाले, "माहीत नाय."

पाणी उतरलं नाही. हरभऱ्याला ओल चालते, पाय पाण्यात चालत नाहीत. पाण्याखालून तो काही दिवस हिरवा दिसत राहिला, तेच जास्त वाईट. मग पिवळा पडला, मग कुजल्याचा वास आला.

बंधाऱ्याच्या दारांवर काम करणारा एक माणूस माझं गिऱ्हाईक होता. तो पाटीवर आला तेव्हा मी धरलंच त्याला. "काय रे बाबा, हे काय केलं?"

"मावशी, दारं दुरुस्तीला उघडली होती. काम झालं, लावली. त्यात वरून आवर्तनाचं पाणी आलं, कालव्याला द्यायचं होतं ना."

"मग थडीवर एक माणूस धाडायचा. पेरू नका म्हणायला."

"कुणाला सांगणार मावशी? कागदावर तिथं पाणीच आहे. पाण्यात कोण राहतं?"

तो वाईट बोलला नाही. खरं ते बोलला. त्याच्याच गावची जमीन कालव्याखाली होती, तिथं त्या पाण्यावर द्राक्षं उभी होती, त्या लोकांनाही पोरंबाळं आहेत. एवढं मला कळत होतं. तरी त्या दिवशी मी त्याला मासा साफ करून दिला नाही. माझा राग तेवढाच. खवले त्याच्या बायकोला काढावे लागले असणार.

आमच्या ह्यांनी त्यानंतर अंगठा कुणाला दाखवला नाही. चूक त्यांची नव्हती, असं मी म्हणते. धोंड्यानं खरं तेच सांगितलं होतं. पाणी उतरलं होतं, शीट वाळली होती. फक्त पाणी आता पावसाचं आणि उन्हाचं ऐकत नव्हतं, ते दुसऱ्याच कुणाचं ऐकत होतं, आणि त्याची खूण आम्हाला कुणी शिकवली नव्हती. पारूनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. उलट जेवायला बसले की आधी त्यांच्या ताटात वाढायची. त्यानं हे आणखी खाली बघायचे.

पुढची सालं कशीही गेली. पाणी चढायचं, उतरायचं, परत चढायचं. माशानं गवतात अंडी घालावीत आणि चार दिवसांत पाणी मागं सरून ती उन्हात पडावीत. चिखल उघडावा, पाखरं यावीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायाखालची जमीन जावी. दुर्बीणवाल्या काकांना मी फोनवर आधी "उघडला" म्हणायचे, ते एवढ्या लांबून यायचे तोवर बुडलेला असायचा. दोनदा तसं झाल्यावर मला सांगायचीच भीती वाटायला लागली. मग त्यांचे फोनही कमी झाले.

आता तर पाणी उतरतच नाही. शहराला पाहिजे, कालव्याला पाहिजे, काठाकाठानं मोटारी बसल्यात, म्हणून बंधारा भरलेलाच ठेवतात. पाहुणे येतात आणि म्हणतात, "काय भाग्यवान तुम्ही, दारात समुद्र!" समुद्रावर जलपर्णीची गोधडी पसरलेली. वरून शहराचं सांडपाणी येतं, ती त्याच्यावर पोसते. खाली ऊन जात नाही. गवत कुजलं, म्हशी विकल्या, थडीच्या विहिरींना वास येतो म्हणून प्यायला जार घेतो आम्ही, नदीकाठचे लोक. जाळ्यात येते ती चिलापी, कुठल्याही पाण्यात जगणारी. म्हैसधोंडा वस्तीत नव्या आलेल्या सुनांनी बघितलेलाच नाही. त्यांना वाटतं, म्हातारीची गोष्ट आहे. आणि माझ्या पाटीत पहाटेच्या गाडीतून उतरलेला, बर्फातला, लांबच्या तळ्यातला पंगास. शेट अजून येतात. काही बोलत नाहीत, घेतात. पण जाताना पिशवी हलवून बघतात. बर्फातला मासा कुठला उडतोय?

पारूनं आणखी दोनदा पेरून बघितलं. एकदा उगवलं, एकदा तेही नाही. मग चांदवडकडं कांदे लावायला टोळीबरोबर गेली. दिवसभर वाकून तिची कंबर गेली. शेवटी मुलगा रिक्षा घेऊन आला. सामान फार नव्हतंच. ह्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "दादा, पाणी उतरलं का फोन करा. मी येती." हे म्हणाले, "करतो." आता ती अंबडला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. म्हणते, बरं चाललंय. आवाज बरा नसतो.

यंदा दिवाळीनंतर वस्ती वाटणीला बसली. गाळ नाही, पेरणी नाही, तरी बसतो आम्ही. सोडलं तर हक्क जाईल, असं एकेकाला वाटतं. पाण्याच्या कडेला सतरंजी टाकली. घरटी एक नाव, दिराच्या वाटणीचं पारूचं वेगळं, घ्यायचं आणि त्याला पट्टा सांगायचा, या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत. नावं घेतात आमचे हे, तेवढाच मान उरलाय. समोर नुसती जलपर्णी. वस्तीतला एक लांबचा पुतण्या म्हणाला, "आबा, जे वस्ती सोडून गेलेत त्यांची नावं कशाला? काढा. राहिलेल्यांना रुंद पट्टे येतील."

कुणी हसलं नाही. सगळे आमच्याकडं बघायला लागले.

मी पारूला फोन लावला. मागं भांड्यांचा आवाज येत होता. सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या पट्ट्यावर पाणी किती हाय, अक्का?"

"होडीचा बांबू घातला तर बुडेल."

तिनं कुणाला तरी तव्यावरची पोळी उलटायला सांगितली. मग म्हणाली, "काढा. लोकांची अडचण नको. पण फोन ठेवू नका. मला ऐकू द्या."

मी फोन हातात तसाच धरला. हे नावं घ्यायला लागले. पारूच्या आधीचं नाव घेतलं आणि एकदम नंतरचं घेतलं.

"झालं का?" पारूनं विचारलं.

"झालं."

"कुणाला गेला माझा?"

"अर्धा शेजारच्यांना. अर्धा आमच्याकडं आला."

"बरं झालं. घरातच राहिला," ती म्हणाली. "बाभळीकडच्या अंगाला गाळ चांगला काळा हाय, अक्का. तिथं हरभराच लावा."